माणसे वेगळी घ्यावी लागतील

पुण्यात कोथरूडला, जी. ए. कुलकर्णी पथावर, जोशी यांचे छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय आहे. ज्यांच्या कथांतील प्रवासी इच्छित स्थळी सहसा पोहोचतच नाही, अशा लेखकाच्या नावाच्या रस्त्यावर सगळ्या गाड्या ठरल्या क्षणी सुटाव्यात आणि ठरल्या जागी थांबाव्यात, हा योगायोग आम्हांस प्रत्येक भेटीत गमतीचा वाटत आला आहे. बी. एस. जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदाला १ एप्रिल १९९८ रोजी या संग्रहालयाचे रूप आले. खेळ सुरू झाला की दिवे मालवतात, त्या चिमुकल्या गावात रात्र होते, खिडक्या उजळतात, डोंगरावरची गाडी चढू लागते. पाहणारी मुले श्वास रोखतात. त्यांच्यामागे उभे असलेले बापही.

काही महिन्यांपूर्वी असाच एक खेळ संपल्यावर बाहेर पायरीवर चार-पाच षौकीन जमले होते. आम्ही साहित्याचे शिक्षक. या मंडळींत आमचा शिरकाव झाला तो डहाणूच्या एका स्नेह्यामुळे. हे गृहस्थ गेली काही वर्षे घराच्या माळ्यावर डहाणू रोड स्थानकाची प्रतिकृती उभारीत आहेत. त्या संध्याकाळी त्यांच्या हातात जुन्या अमेरिकन मासिकातून काढलेले एक पान होते. पानावर लाल आणि रुपेरी रंगाचे डिझेल इंजिन, त्याच्या अंगावर ‘सांता फे’ ही अक्षरे, आणि गालिच्यावर पालथे पडून डोळे गाडीच्या पातळीला आणून बघणारा एक मुलगा. चर्चा तत्काळ रंगली. तिसरा रूळ दिसतो आहे, म्हणजे ही लायनेलची गाडी. खऱ्या सांता फेला तिसरा रूळ कुठला? वळण फार तीव्र आहे. या वळणावर खरे इंजिन उभेसुद्धा राहणार नाही. लाल रंगाची सीमारेषा किती मागे जायला हवी? अर्धा तास हे चालले होते. मग एकाने विचारले, ‘‘पण हे पान रेल्वे कंपनीचे आहे की खेळण्याच्या कंपनीचे?’’ यावर मात्र कोणाला उत्तर देता आले नाही, आणि आमच्या मते त्या संध्याकाळचा खरा प्रश्न तोच होता.

त्याचे उत्तर इतिहासात शोधू गेल्यास ते ‘दोघांचेही’ असे येते. लायनेल कंपनीचा संस्थापक जोशुआ लायनेल कोवेन याने १९०१च्या सुमारास आपली पहिली विजेवर चालणारी गाडी बनवली ती मुलांसाठी नव्हेच. दुकानाच्या काचेआड काही तरी हलते ठेवले तर रस्त्यावरचा माणूस थबकेल आणि आतला माल पाहील, एवढाच हेतू होता. माणूस थबकला खरा. पण त्याने माल सोडून गाडीच मागितली. खेळण्यातली गाडी जन्मली तीच जाहिरात म्हणून. पुढे १९४८ साली लायनेलने त्या लाल-रुपेरी इंजिनाची प्रतिकृती काढायचे ठरवले तेव्हा तिच्या साच्यांचा खर्च एकट्या लायनेलने केला नाही. सांता फे, न्यूयॉर्क सेंट्रल या रेल्वे कंपन्या आणि खरी इंजिने बनवणारी जनरल मोटर्स यांनी तो वाटून घेतला. कारण उघड होते. घराच्या बैठकीत वर्षानुवर्षे फिरणारी आणि आई-बापांनी स्वतःच्या पैशाने विकत आणलेली जाहिरात दुसरी कोणती? आज गालिच्यावर पालथा पडलेला मुलगा वीस वर्षांनी तिकीट काढणार होता. (तो हिशेब चुकला. वीस वर्षांनी त्याने मोटार घेतली किंवा तो विमानात बसला, आणि १९७१ साली सांता फेने आपल्या प्रवासी गाड्या दुसऱ्याच्या स्वाधीन केल्या. खेळण्यातली लाल-रुपेरी गाडी मात्र अजून विकली जाते.)

अशा जाहिरातीत खेळणे कोणते काम करते, हे पाहण्यासारखे आहे. रेल्वे ही एकोणिसाव्या शतकातील सर्वांत अवजड, सर्वांत दांडगी गोष्ट. ती जमीन मागते, जंगल मागते, खडी फोडणारे हात मागते. तीच गाडी वीतभर करून मुलाच्या हाती दिली की हे सगळे मागणे नाहीसे होते. उरते ते निर्मळ फिरणे. मुलाच्या हातातील वस्तू कोणाचे काही हिरावून घेते, असे कोणाच्या मनात येणार? आपल्याकडे तर भाषेनेच हे काम करून टाकले आहे. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या गाडीला आपण सर्रास ‘टॉय ट्रेन’ म्हणतो. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने ती सुरू झाली. तिच्यासाठी डोंगर खऱ्या सुरुंगांनी आणि खऱ्या माणसांनी फोडला. रूळ दोन फुटांचे एवढ्यावरून ती खेळणे ठरली.

सांता फेच्या जाहिरातींत आणखी एक मूल आहे, आणि ते गालिच्यावरचे नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत या कंपनीच्या जाहिरातींत ‘चिको’ नावाचा एक लहानगा नवाहो मुलगा वावरू लागला. (डहाणूच्या आमच्या स्नेह्यांना हे नाव ऐकून हसू आवरेना, त्यांच्या गावात हा शब्द एका फळाच्या पेट्यांवर असतो.) सांता फेचा मार्ग ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या आदिवासी मुलुखातून जात होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच कंपनीने हा मुलूख चित्रकारांकडून रंगवून घेऊन विकायला काढला होता. १९३७ साली तिच्या ‘सुपर चीफ’ या आलिशान गाडीच्या डब्यांना जी नावे दिली गेली त्यांत अकोमा, लगुना, ताओस, नवाहो ही होती. आतील सजावटीत आदिवासींचे नक्षीकाम होते. त्याच रुळांची दुरुस्ती करणाऱ्या टोळ्यांत नवाहो पुरुष राबत होते. जाहिरातीत मात्र त्यांच्याकडून एक हसरे मूल तेवढे घेतले गेले. गालिच्यावरचा मुलगा गाडीचा मालक. चिको तिची शोभा. दोघेही मुलेच, पण एक खेळतो आणि दुसरा खेळण्यातच जमा होतो.

इथपर्यंत आल्यावर आमच्या डहाणूकर स्नेह्यांनी जे सांगितले त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. ते म्हणाले, ‘‘सर, माझी अडचण रुळांची होती, ती मी सोडवली. आता अडचण माणसांची आहे.’’

रुळांची अडचण अशी. बाजारात मिळणाऱ्या छोट्या गाड्यांचे सर्वाधिक प्रचलित प्रमाण एकास सत्त्याऐंशी; त्याला ‘एचओ’ म्हणतात आणि त्याच्या रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळांना ते चपखल बसते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. तिला सत्त्याऐंशीने भागले की एकोणीस मिलिमीटरच्या वर उत्तर येते. म्हणजे भारतीय गाडीची प्रतिकृती तयार रुळांवर उभी केली, की ती अरुंद जोड्यात पाय कोंबल्यासारखी दिसते. बहुतेक षौकीन ते चालवून घेतात. आमच्या स्नेह्यांनी हाताने पट्ट्या कापून, मोजून, चिकटवून डहाणूपुरते स्वतःचे रूळ घातले. पण माणसे? जर्मनीतील प्रायझर ही कंपनी या मापाची माणसे बनवते: अंगठ्याच्या नखाएवढी, सुबक, रंगवलेली. ओव्हरकोट घातलेली, हॅट घातलेली, बर्फावर घसरणारी, वाद्यवृंद वाजवणारीसुद्धा. डोक्यावर टोपली घेतलेली बाई त्यांच्याकडे नाही. लुगडे वर खोचून रूळ ओलांडणारी म्हातारी नाही. आणि मुख्य म्हणजे गाडीबरोबर माणसे येतच नाहीत. ती वेगळी घ्यावी लागतात.

खेळण्यातल्या गाड्या बघताना ही गोष्ट आमच्या कधी लक्षात आली नव्हती. त्या रिकाम्या असतात. लायनेलने पुढे काही डब्यांच्या खिडक्यांना आतून प्रवाशांच्या काळ्या छायाकृतींची पट्टी लावली, ती बहुधा हे रितेपण त्यांनाही बोचले म्हणूनच. पण जाहिरातीतील गाडीला प्रवासी नकोच असतो. प्रवासी आला की गर्दी आली, घाम आला, तिकिटाचा दर आला, आणि गाडी कोठून काय घेऊन जाते हा प्रश्न आला.

डहाणूच्या बाबतीत तो प्रश्न टाळता येत नाही. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे उत्तरेकडून, गुजरातेतून बांधत आली आणि १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडला पोहोचली. किनाऱ्यालगतच्या या पट्टीत तिने स्थानके ठेवली ती आपल्या सोयीने. डहाणू गाव खाडीकडे राहिले आणि स्थानकाच्या नावाला ‘रोड’ हे शेपूट लागले. पूर्वेकडे जंगल होते. लाकूड, कोळसा, गवत हे सारे त्या जंगलातून आणि कुरणांतून रुळांकडे उतरत असे. पुढे पारशी-इराणी बागाइतदारांच्या चिकूच्या पेट्याही त्याच वाटेने दिल्लीपर्यंत जाऊ लागल्या. गवत कापून, दाबून, त्याच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होत. ते कापणारे वारली होते, आणि त्यांतले अनेक वेठीला बांधलेले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. आमच्या मते मराठीतील सर्वांत भीषण शब्दांपैकी हा एक आहे, कारण ऐकताना तो मंगल वाटतो.

१९४५च्या मे महिन्यात तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील आणि आज तलासरीत असलेल्या झरी गावी हजारो आदिवासी जमले आणि वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होते. त्या साली गवताच्या कापणीला पाचशे पौंडांस अडीच रुपये मजुरी मागितली गेली. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंनी हा सारा इतिहास पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. साहित्याच्या वर्गात ते आत्मकथन म्हणून लावले जाते. आम्हांस ते मजुरीच्या दरांचे पुस्तक म्हणूनही वाचावेसे वाटते. किती पौंडांना किती आणे, हा तपशील त्यात नसता तर ते निव्वळ स्फूर्तिपर राहिले असते.

त्याच १९४५ साली, डिसेंबरात, झरीपासून फार दूर नसलेल्या बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत मॉन्टेसरी पद्धती रुजवलेल्या ताराबाईंपुढे इथे साधा प्रश्न होता: साधने कुठून आणायची? मॉन्टेसरीची लाकडी, रंगीत, मापात कापलेली साधने विलायती आणि महाग. ताराबाई-अनुताईंनी शिंपले घेतले, बिया घेतल्या, खडे, पाने, काटक्या, माती घेतली. मोजायला, रंग ओळखायला, जड-हलके समजायला यांहून अधिक काही लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. मूल शाळेत येईना तेव्हा शाळाच त्याच्या अंगणात नेली. पोरे गुरे राखायला जात तेव्हा ती कुरणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर सरकारी दफ्तरांत आहे. त्याचे मूळ या परिसरात आहे.

आणि लायनेल? युद्धकाळात धातूवर निर्बंध आले म्हणून १९४२ साली तिने गाड्या बनवणे थांबवले होते. १९४३च्या नाताळला तिने पुठ्ठ्याची गाडी विकली. ती जोडता जोडता बाप मंडळी रडकुंडीस येत, अशी तिची ख्याती आहे. १९४५च्या अखेरीस धातूची गाडी पुन्हा आली. एकाच वर्षाच्या या तीन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण त्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. खेळण्याचा इतिहास आपण वस्तूंचा इतिहास म्हणून लिहितो, आणि म्हणून तो गालिच्यावरच्या मुलाचाच होतो. शिंपले आणि बिया संग्रहालयात येत नाहीत.

वस्तूच नसलेली एक गाडी तर प्रत्येक वाचकाने चालवली असेल. पुढच्याच्या सदऱ्याचे टोक धरायचे, पुढे एक इंजिन, शेवटी गार्डाचा डबा, आणि तोंडाने आवाज. शहरी घरांत हिच्या जोडीला ग. दि. माडगूळकरांचे आगीनगाडीचे गाणे असे. २०१० साली, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास, भारतीय रेल्वेने केलेल्या ‘देश का मेल’ या जाहिरातीत हाच खेळ होता: नाना वेशांतली, नाना प्रांतांतली माणसे एकामागे एक लागून हाताची चाके करीत धावतात, आणि मागे ‘आशीर्वाद’ या १९६८च्या चित्रपटातील अशोककुमारांच्या रेलगाडीच्या गाण्याची चाल. जाहिरात गोड होती. आम्हांसही ती आवडली होती. सांता फेच्या जाहिरातीशी तुलना करता तिचे एक मोठेपण मान्य करायला हवे. इथे गाडी रिकामी नव्हती; गाडी म्हणजेच माणसे. पण ही माणसे कोणालाही कोठे पोहोचवत नव्हती, कोणाला आत जागा मिळाली नाही असे होत नव्हते, आणि सारे सारखेच हसत होते. त्याच वर्षीच्या दिवाळीत एका शीतपेयाच्या जाहिरातीत वारली चित्रशैली झळकली. त्या आकृत्याही हसऱ्याच होत्या.

वारली चित्रांतील गाडीची गोष्ट निराळी आहे. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने सुवासिनी लिहीत. भिंत गेरूची, लेखणी बांबूच्या काडीची. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या मुलुखात आले, त्यांनी कागद दिला, आणि डहाणू तालुक्यातील गंजाडजवळचे जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखे पुरुषही चित्रे काढू लागले. म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. कागदावर आलेल्या या चित्रांत शेते, मासेमारी, तारपा यांबरोबर आगगाडीही आली. परंपरेच्या अभिमान्यांना ती खटकते. गाडी काढली म्हणजे चित्र बाजारू झाले, असे आम्ही एका परिसंवादात ऐकले आहे. हे मत आम्हांस पटत नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ रोज डोळ्यांसमोरून जाणारी वस्तू चित्रात न येणे हेच कृत्रिम झाले असते.

आमच्या पाहण्यात आलेल्या अशा चित्रांतून एक गोष्ट सारखी पुढे येते. चित्रकाराला इंजिनाचे अप्रूप बेताचेच असते. चाके गोल, धूर असला तर चार ठिपके. त्याची काडी रेंगाळते ती खिडक्यांपाशी. प्रत्येक खिडकीत कोणी तरी आहे. एकाचा हात बाहेर, एकीच्या डोक्यावर ओझे, कोणी दाराला लोंबकळतो आहे, फलाटावर कोणी धावतो आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेला हा देह, वाकला तरी कळते की हा दमलेला आहे आणि तो घाईत आहे. लायनेलच्या छायाकृतींची पट्टी आणि ही खिडकी, दोन्हींत माणूस म्हणजे केवळ बाह्यरेषा. पण तिथे ती रितेपण झाकण्यासाठी लावली आहे, इथे गाडी काढली आहे ती माणसे बसवण्यासाठी. आज रेल्वेने आपल्या स्थानकांच्या भिंतींवर वारली चित्रे आणली आहेत. ‘सुपर चीफ’च्या डब्यांतील नवाहो नक्षीचीच ही पुनरावृत्ती आहे काय, असे आम्ही आमच्या स्नेह्यांना विचारले. ते म्हणाले, ‘‘काही ठिकाणी असेल. पण चिकोला कोणी गाडी काढायला सांगितली नव्हती.’’

१६ एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. तलासरी तालुक्याच्या मुख्य गावाला आजही रेल्वे नाही. तिथला माणूस महामार्गाने डहाणूला, उंबरगावला किंवा भिलाडला जाऊन गाडी धरतो. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो. १४ सप्टेंबर २०१७ रोजी तिचे भूमिपूजन झाले, जमिनी देण्यास इथे मोठा विरोध झाला. तिची स्थानके बोईसरला आणि मग एकदम वापीला आहेत. मधल्या गावांना ती दिसेल.

परवा आम्ही डहाणूला गेलो होतो. स्नेह्यांनी माळ्यावर नेऊन फलाट दाखवला. रूळ लागले आहेत, पादचारी पूल झाला आहे, पाटीवर तीन लिप्यांत नाव आले आहे. जर्मन माणसांचे ओव्हरकोट त्यांनी धारदार पात्याने खरवडून काढले होते, पण हाडापेराने ती जर्मनच राहिली. मग त्यांनी तो नाद सोडला. आता तांब्याची बारीक तार वाकवून, तिच्यावर पुटीन चढवून ते एकेक माणूस करतात. एकेक अठरा मिलिमीटरचा. पहिली केली ती टोपलीवाली. तिच्या टोपलीत चिकू म्हणून मोहरीचे दाणे चिकटवले आहेत. त्यांच्या पत्नी खालून चहा घेऊन आल्या, त्यांनी भिंगातून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘अहो, मोहरी फार मोठी झाली. खसखस घ्या.’’

सव्वादोन महिन्यांत एकेचाळीस माणसे झाली आहेत. सकाळच्या लोकलला किती लागतील, हे मोजायला ते दुसऱ्या दिवशी पहाटे फलाटावर जाणार होते.